संगणकांतील पुराव्याचे पारखी

शाळा सोडतांना ‘पुढें काय?’ या प्रश्नास हल्लीं एक नवें उत्तर आमच्या कानीं येतें: संगणकांतील पुराव्याचा शोध, अर्थात् कॉम्प्युटर फोरेन्सिक्स. या धंद्यांत चातुर्याहून संयमच अधिक लागतो, असें आमचें मत आहे.

संशयित संगणक हातीं येतांच उघडून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. कारण तो नुसता चालू केल्यानेंही आंतील कित्येक नोंदी बदलतात. म्हणून डिस्कची तंतोतंत प्रत करावयाची, मूळ व प्रत यांचा ‘हॅश’ आंकडा ताडून पाहावयाचा, आणि तपास प्रतीवरच करावयाचा. एक अक्षर बदललें तरी हा आंकडा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतील प्रमाणपत्रांतही तो द्यावा लागतो.

कंपनीच्या अंतर्गत चौकशींत खरी कसोटी निराळीच. मेहनताना देणारी कंपनी, आणि दोषी कधीं कधीं तिचे धनीच! हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या हिशेबांत ६,००० हून अधिक खोटीं बिलें निघालीं. ७ जानेवारी २००९ रोजीं खुद्द अध्यक्षांनीं गैरव्यवहाराची कबुली दिली. असल्या ठिकाणीं सारा दोष एखाद्या कारकुनाच्या माथीं मारणें किती सोपें! त्याच्या लॉग-इननें बिल झालें, एवढ्यावरून तें त्यानेंच केलें असें ठरत नाहीं. त्याचा परवलीचा शब्द आणखी कोणास ठाऊक होता, हें पाहिल्यावांचून अहवालावर सही करणें म्हणजे एका कुटुंबाच्या तोंडचा घास काढून घेणें होय.

जमाखर्चाचा व कायद्याचा कंटाळा असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं मात्र या वाटेस न गेलेलें बरें.