हळदीला मिरचीचा वास

हिमायतनगरच्या आठवडी बाजारात परवा एका बचत गटाच्या ताईंनी माझ्या हातावर हळदीचं पाव किलोचं पाकीट ठेवलं. तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवलेलं, वर गटाच्या नावाची चिठ्ठी. घरी येऊन फोडलं, तर हळदीला मिरचीचा वास. गावात कांडपाचं यंत्र एकच, त्यात आधी तिखट काढलेलं. हळद मात्र अस्सल, त्यांच्याच रानातली. त्याच बाजारात चार पावलांवर शेजारच्या गावचा गट बसला होता. तीच हळद, तसंच पाकीट, दहा रुपयांनी कमी.

या दोन्ही गटांतल्या बायका एकमेकींना चांगल्या ओळखतात. मेळाव्याला शेजारी बसतात, मोबाईलवर एकाच ग्रुपमध्ये आहेत. पण हळदीसाठी वेगळं यंत्र मिळून घ्यावं, पाकिटं घाऊक आणावीत, अन्नसुरक्षेची नोंदणी कशी करायची हे एकीनं दुसरीला सांगावं, यातलं काहीच झालेलं नाही. आपल्याकडे जाळं म्हणतात ते हेच. ओळख भरपूर, व्यवहार नाही.

सरकारी रचनेची कमी नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून आहे, राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान उमेद २०११ पासून. गट, त्यावर ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ अशी उतरंड गावोगाव उभी आहे. मात्र रजिस्टरमध्ये मोजल्या जातात त्या बैठका आणि सह्या. मिळून किती क्विंटल माल विकला, हा रकाना मला तरी अजून कुठल्या रजिस्टरमध्ये दिसलेला नाही.

जाळं कामाला येतं कसं, हे पाहायला परदेशात जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. घरं पुन्हा उभी करताना लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक झाल्या. भिंतीत आरपार जाणारा दगड कुठे बसवायचा, कोपरा कसा बांधायचा, हे त्या आधी स्वतः शिकल्या आणि मग मिस्त्र्यासमोर उभ्या राहून करून घेऊ लागल्या. एका गावात जमलेलं दुसऱ्या गावाला त्यांनीच दाखवलं. प्रेमा गोपालन यांची स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था या कामात होती. २००१ मध्ये कच्छ हादरलं, तेव्हा आपल्याकडच्या याच बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. घर पडलेल्या बाईला घर पडून पुन्हा बांधलेली बाई भेटली, याचं मोल कुठल्या प्रशिक्षणात येणार?

हीच ओळख पुढे बचतीला आणि शेतीला उपयोगी पडली. घरच्या जमिनीतला एकेक एकर मागून घेऊन त्यात कमी पाण्यावर भाजीपाला, डाळी, धान्य मिसळून घ्यायचं, हे एका बांधावरून दुसऱ्या बांधावर गेलं. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळे लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी कमी पाण्यावरच्या या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक मांडणी केली. नवी बातमी, नवी संधी आपल्याकडे येते ती बहुतेकदा जुजबी ओळखीतून, कारण जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या बाजारातलं चित्र यात बसतं. मोंढ्यातला भाव गावात सगळ्यांना माहीत असतो. पण ही हळद नांदेडच्या खानावळीला किंवा आदिलाबादच्या किराणा दुकानाला लागते का, हे गावात कोणीच सांगू शकत नाही. आदिलाबादला तर इथून थेट रेल्वे जाते.

एक धोका मी जवळून पाहिला आहे. बाहेरचे सगळे नंबर एकाच हुशार ताईच्या मोबाईलमध्ये असतात. ती मुलाच्या शिक्षणासाठी शहरात गेली, की गटाची विक्रीही तिच्याबरोबर जाते. आणि बैठकांना बोलावून बोलावून बायकांची मजुरी बुडवणारं जाळं नसलेलंच बरं, हे मी ठामपणे म्हणतो. एका बैठकीला गेलेला दिवस म्हणजे कापूस वेचणीचा रोज. तो भरून येईल असं काही तिथे मिळालं पाहिजे.

हळदीची काढणी झाली, की शिजवणं, वाळवणं, पॉलिश यात एप्रिल उजाडतो. तालुक्यातल्या चार-पाच गटांनी यंदा एवढंच करावं. हळदीसाठी वेगळं यंत्र भागीदारीत घ्यावं आणि प्रत्येक गटातून दोघींना वसमतच्या हळद संशोधन केंद्रात पाठवावं. दोघींना, म्हणजे एक गावात नसली तरी नंबर गावात राहील. प्रभागसंघांनी या प्रवासाचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी द्यावी. आणि तुम्ही हिमायतनगरचे दुकानदार असाल, तर पुढच्या बाजारी एका गटाचं पाकीट फोडून बघा, आणि काय कमी आहे ते ताईंना तोंडावर सांगा.