खेळण्यांच्या रंगातील शिसे

भिलाईचे नाव घेतले की रेल्वेचा रूळ डोळ्यांपुढे येतो. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आणि पुढे देशाच्या लोहमार्गांना रूळ पुरविणे हेच या नगराचे मुख्य कार्य होऊन बसले. रुळासाठी वापरावयाच्या वितळलेल्या पोलादात हायड्रोजनचे प्रमाण दहा लाख भागांत 1.6 भागांहून अधिक असता कामा नये, असा रेल्वेचा दंडक आहे. हायड्रोजन अधिक राहिल्यास पोलाद थंड होताना त्याच्या पोटात केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि पुढे केव्हा तरी गाडीच्या भाराखाली रूळ दगा देतो. जे डोळ्यांना दिसत नाही ते मोजलेच पाहिजे, हा धडा या नगरातील कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांनी गिरविला आहे.

अशा नगराच्या बाजारात, सुपेल्यात किंवा पॉवर हाऊसला, विसा-तिसा रुपयांत मिळणारे पिवळेधमक बदक मात्र रंगावरून आणि किमतीवरून पसंत केले जाते. ते घरी जाते, आणि दात येऊ लागलेल्या मुलाच्या तोंडात जाते. त्या पिवळेपणात काय आहे, हे विकणारा जाणत नाही. घेणाराही विचारीत नाही.

शिसे हा धातू मराठी घराला अपरिचित नाही. परंपरेने मारुतीला लावला जाणारा शेंदूर हे शिशाचेच एक ऑक्साइड होय. जुन्या रंगाऱ्यांचा सफेदा शिशापासून होत असे, आणि औषधी दुकानातील मुरदाडशिंग हाही त्याच कुळातील पदार्थ. प्रतिस्पर्धी गवयाला शेंदूर खाऊ घालून त्याचा गळा बिघडविल्याच्या कथा गाणाऱ्यांच्या घराण्यांतून सांगितल्या जातात. त्या खऱ्या असोत वा रचलेल्या, शेंदूर पोटात जाऊ नये एवढे ज्ञान त्यांनी लोकांपर्यंत नक्कीच पोहोचविले होते. परंतु तेच शिसे क्रोमेटच्या रूपाने पिवळ्या आणि नारिंगी रंगांच्या डब्यात येऊन बसले, मऊ प्लास्टिक उन्हाने व उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात मिसळले जाऊ लागले, आणि त्याच्या जोडीला लाल-पिवळ्या छटांसाठी कॅडमियमही आले. ही वार्ता मात्र घराघरांत गेली नाही. 2007 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात दिल्ली, मुंबई व चेन्नई येथील बाजारांतून घेतलेल्या मऊ प्लास्टिकच्या खेळण्यांवरील संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात शिसे व कॅडमियम हे दोन्ही धातू आढळल्याची नोंद आहे.

मुलाच्या शरीरात शिसे जे करते त्याचे कारण त्याच्या सोंगात आहे. ते कॅल्शियमची नक्कल करते. वाढत्या हाडांना कॅल्शियमची भूक असते. म्हणून आतडे त्याला दार उघडते, हाडे त्याला साठवून ठेवतात, आणि मेंदूच्या पेशींत ज्या ठिकाणी कॅल्शियमने निरोप्याचे काम करावयाचे तेथे हा तोतया जाऊन बसतो. गिळलेल्या शिशापैकी प्रौढाच्या शरीरात जेवढे शोषले जाते त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात शोषले जाऊ शकते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. म्हणजे ज्या घरात दूध आणि पालेभाजी कमी, त्याच घरातील मुलाला हे विष अधिक बाधते. पोटदुखी, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे इतकी सामान्य आहेत की त्यांवरून शिशाचा संशय कोणाला येत नाही. बुद्धीची झालेली हानी मागाहून भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे की, रक्तातील शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही.

हे ज्ञान काही काल-परवाचे नव्हे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील नेत्रवैद्य लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 साली लिहून ठेवले की, तेथील मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ घरांच्या रंगविलेल्या कठड्यांत आणि भिंतींत आहे. मुले कठड्याला हात लावीत आणि तेच हात तोंडात घालीत. भारतात 1999 साली ‘जॉर्ज फाउंडेशन’ने मुंबईसह अनेक मोठ्या शहरांतून हजारो लोकांचे रक्त तपासले, तेव्हा बारा वर्षांखालील सुमारे निम्म्या मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आढळले. पुढच्याच वर्षी देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. तो निर्णय मोठाच होता. पण हवेतील शिशाचा एक झरा आटला म्हणून घरातील झरे आटले असे झाले नाही.

यावर एक आक्षेप भिलाईत हमखास ऐकू येईल. ज्या नगराच्या माथ्यावर भट्ट्यांचा धूर आहे, तेथे खेळण्यातल्या कणभर रंगाची एवढी चिंता कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. मध्य भारतातील एकात्मिक पोलाद कारखान्याच्या परिसरातील माणसांचे रक्त आणि मातांचे दूध यांतील विषारी धातूंविषयीचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झालेला आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलट असावयास हवा. निरनिराळ्या वाटांनी आलेल्या शिशाची शरीरात बेरीज होत जाते. ज्याच्या वाट्याला धुळीतून काही आलेच आहे, त्याला खेळण्यातून आणखी देणे परवडणारे नाही. शिवाय भट्टीचा धूर आवरण्यास कोट्यवधी रुपये आणि वर्षे लागतात. खेळणे तर दुकानातच अडविता येते.

कायदा झालेला आहे, आणि तो चांगला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. केंद्र शासनाचा खेळण्यांविषयीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश 2020 साली निघाला आणि 1 जानेवारी 2021 पासून अंमलात आला. देशात विकले जाणारे खेळणे, देशी असो वा विदेशी, भारतीय मानक ब्यूरोच्या मानकांप्रमाणे असले पाहिजे आणि त्यावर आयएसआय चिन्ह असले पाहिजे, असा तो आदेश. या मानकात शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम, अँटिमनी, बेरियम आणि सेलेनियम या आठ मूलद्रव्यांना मर्यादा घातल्या आहेत. चाचणीची युक्ती मोठी मार्मिक आहे. खेळण्यावरील रंग खरवडून तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात 37 अंश तापमानाला दोन तास ठेवतात, म्हणजे एका परीने मुलाचे जठरच काचपात्रात उभे करतात. आणि त्या द्रावात काय उतरले ते मोजतात. साध्या रंगाच्या बाबतीत एका किलोग्रॅममागे शिसे 90 मिलिग्रॅम, कॅडमियम 75 मिलिग्रॅम याहून अधिक उतरता कामा नये.

येथे एका बारकाव्याकडे लक्ष देणे अवश्य आहे. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाविषयीचे नियम 2016 साली झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्यांतही दहा लाख भागांत 90 भाग हीच मर्यादा आहे. आकडा एकच, पण अर्थ वेगळा. भिंतीच्या रंगात एकूण शिसे मोजले जाते. खेळण्याच्या रंगात आम्लात विरघळून बाहेर आलेले शिसेच तेवढे मोजले जाते. भिंत कोणी चघळीत नाही, खेळणे चघळले जाते. मग दोहोंपैकी अधिक कडक माप कोणाला लावावयास हवे? खेळण्याच्या रंगालाही एकूण शिशाची मर्यादा घातली तर कारखानदारावर असह्य भार पडेल असे नाही, कारण शिशाविना रंग बनविण्याची विद्या भिंतींच्या निमित्ताने त्याने आत्मसात केलेलीच आहे. अमेरिकेत 2008 च्या कायद्यान्वये असे माप खेळण्यांना लावलेले आहे.

अंमलबजावणीचा प्रकाशझोतही जेथे उजेड आहे तेथेच अधिक पडतो. जानेवारी 2023 मध्ये ब्यूरोने देशभरातून चिन्हावाचून विकली जाणारी 18,600 खेळणी जप्त केली, तेव्हा बातमी झाली ती विमानतळांवरील आणि मोठ्या व्यापारी संकुलांतील दुकानांची. आठवडी बाजारातील चादरीवर, जत्रेतील हातगाडीवर मांडलेल्या मालापर्यंत हा हात क्वचितच पोहोचतो. आणि कामगार वस्तीतील मुलाचे खेळणे बहुधा तेथूनच येते.

छत्तीसगडात आणि विदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पोळ्याच्या सणाला छत्तीसगडात ‘पोरा’ म्हणतात. मुलांना मातीचा नांदिया बैल आणि मुलींना मातीची जाते-चूल, भांडीकुंडी देण्याची तेथे रीत आहे. नागपुराकडे दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवितात. दुर्ग जिल्ह्याचा कारभार 1956 पर्यंत नागपुराहून चालत असे, आणि भिलाईत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे हे दोन्ही सण आपलेच मानतात. ही खेळणी करणाऱ्या कुंभार-सुतारांना प्रयोगशाळेचा खर्च झेपणारा नाही, हे ओळखून नोंदणीकृत हस्तकला-कारागिरांना शासनाने त्या आदेशातून सूट दिली. सूट न्याय्यच आहे. ती काढून घ्यावी असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु माती आणि लाकूड निरुपद्रवी असले तरी वरचा रंग कारागीर डबाबंद विकत घेतो, आणि यंत्रांना वा वाहनांना द्यावयाचे औद्योगिक रंग 2016 च्या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. पोलाद कारखान्याच्या गावी अशा रंगांचा तुटवडा असण्याचे कारण नाही. तेव्हा कारागिराला मोकळे ठेवून त्याच्या रंगाला बांधावे, हा मार्ग उरतो. खेळण्यांसाठी म्हणून वेगळा, शिसेविरहित ठरलेला रंग हस्तकला मंडळांनी सवलतीच्या दराने पुरवावा. छत्तीसगड लाखेच्या उत्पादनात अग्रेसर आहे, आणि लाखेचे काम भारतीय खेळण्यांना जुने आहे. दल्ली-राजहऱ्याच्या ज्या खनिजावर भिलाईच्या भट्ट्या चालतात, तेही मुळात लोहाचे तांबडे ऑक्साइडच. गेरूला रंग देणारे द्रव्य तेच. तपासून घेतलेला गेरू नांदिया बैलाला शेंदरी रंगाइतकाच शोभेल.

तपासणीसाठी दर वेळी मोठी प्रयोगशाळा लागते असेही नाही. क्ष-किरणांनी पदार्थातील मूलद्रव्ये ओळखणारे, हातात धरण्याजोगे उपकरण खेळणे न मोडता मिनिटभरात शिशाचा अंदाज देते. धातुपरीक्षेत मुरलेल्या भिलाईसारख्या नगरात, जेथे आता भारतीय प्रौद्योगिकी संस्थाही आहे, पोरा आणि दिवाळी यांच्या आधीच्या आठवड्यांत बाजाराच्या तोंडाशी असे एक उपकरण आणि एक जाणता माणूस बसविणे मुळीच अवघड नाही. आईबापांनी खेळणे आणावे, ते तपासून घ्यावे, आणि विक्रेत्यांनीही माल भरण्यापूर्वी नमुना दाखवावा.

तोवर घरातील जुन्या खेळण्यांचा विचार करावयास हरकत नाही. 2021 पूर्वीची, थोरल्याकडून धाकट्याकडे आणि तेथून मोलकरणीच्या मुलाकडे गेलेली खेळणी अनेक घरांत आहेत. ज्यांचा रंग पोपडे धरून सुटतो, ज्यांचे प्लास्टिक चिकट वा भुरभुरीत झाले आहे, ती कोणाला देऊ नयेत आणि शेकोटीतही टाकू नयेत. जाळल्याने शिसे नाहीसे होत नाही, ते धुरातून आणि राखेतून त्याच अंगणात परत उतरते.