बाह्यरुग्ण विभागाचे मोल

मधुमेही रुग्ण पायाची चिघळलेली जखम घेऊन रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा त्याचा आजार त्या दिवशी सुरू झालेला नसतो. रक्तातील साखरेची नियमित तपासणी, वेळेवर गोळ्या आणि पायांची निगा यांमुळे असे अनेक प्रसंग टळू शकतात.

२०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतील विमा पात्र कुटुंबाच्या रुग्णालयीन उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा भार उचलतो. रोजच्या गोळीचा खर्च मात्र त्यात बसत नाही. म्हणूनच जवळच्या आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात ती गोळी आणि पायांची तपासणी खंड न पडता मिळाली पाहिजे.

तहान लागल्यावर विहीर खणणे शहाणपणाचे नव्हे. रुग्णालयात खाटा किती आहेत यात नव्हे, तर किती रुग्णांना खाटेची गरजच पडली नाही यात आरोग्यसेवेची खरी कसोटी आहे.