प्रार्थनेला न बसणाऱ्याचे ताट

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या सुमारास किन्हीराजाच्या फाट्यावर उभे राहिले की पत्र्याच्या पेट्या दिसू लागतात. पेटीवर पांढऱ्या रंगाने पोराचे नाव घातलेले, कडीला नवे कुलूप, आणि शेजारी उभ्या असलेल्या बापाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत टीसी, आधार कार्ड, जातीचा दाखला. मालेगाव तालुक्यातल्या या गावावरून नागपूर-औरंगाबाद रस्ता जातो. एसटी एका बाजूला मालेगाव, मेहकरकडे जाते, दुसऱ्या बाजूला शेलूबाजारवरून कारंज्याकडे. पेटी कुठल्या बाजूच्या गाडीत चढते यावर त्या पोराची पुढची पाच-सहा वर्षे ठरतात.

बापाला कारण विचारले तर उत्तर जवळपास ठरलेले. "तेथी दोन येळचं जेवन भेटते, अन् पोराले वळन लागते." शिक्षण हा शब्द या वाक्यात नाही. जेवण आणि वळण. वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. सोयाबीन-तुरीवर घर चालत नाही म्हणून माणसे ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्याच्या बांधकामावर जातात. घरी पोराकडे बघायला म्हातारी आजी असते, तीही कधी असते, कधी नसते. अशा घरातल्या बापाने देवाच्या नावाने चालणारे वसतिगृह निवडले, तर तो फार धार्मिक आहे म्हणून निवडतो असे समजण्याचे कारण नाही. रात्री तिथे कोणीतरी मोठे माणूस असते, एवढे त्याला माहीत असते.

हे मासिक वाचणारे बहुतेक जण अशाच पेट्या उतरवून घेणारे आहेत: आश्रमशाळेचे अधीक्षक, वसतिगृहाचे गृहपाल, गुरुकुलाचे व्यवस्थापक, मदरशाचे मोहतमीम, मिशनच्या सिस्टर. म्हणून या अंकात थोडे आपल्याच घरातले बोलायचे आहे.

श्रद्धेवर चालणाऱ्या संस्थेचे पहिले देणे मान्य करूनच पुढे जाऊ. पगारी अधीक्षक अप-डाऊन करतो आणि सहा वाजता तालुक्याची गाडी पकडतो, अशा सरकारी अनुदानावरच्या जागा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. उलट जिथे काम हे व्रत मानले जाते, तिथे माणूस राहतो. पोराला रात्री ताप आला तर त्याच्या कपाळावर हात ठेवणारे कोणी असते. मेहकर तालुक्यात हिवरा बुद्रुक इथे शुकदास महाराजांनी विवेकानंद आश्रम उभा केला. विवेकानंद जयंतीला तिथे पुरी आणि वांग्याच्या भाजीची महापंगत बसते, वाढायला ट्रॅक्टर लागतात. बातमी त्या पंगतीची होते. पण त्याच आवारात शाळा आहे, कृषी महाविद्यालय आहे, आणि वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तिथे मुलांची साधी पंगत बसत असते. तिची बातमी होत नाही.

दुसऱ्या बाजूची गाडी कारंज्याला जाते. तिथे १९१८ साली ब्रह्मचारी देवचंद यांनी महावीर ब्रह्मचर्याश्रम हे जैन गुरुकुल सुरू केले. हेच पुढे मुनी समंतभद्र झाले आणि कुंभोजजवळच्या बाहुबलीपर्यंत त्यांच्या गुरुकुलांची परंपरा पोचली. त्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरली होती: धर्माचे शिक्षण आणि शाळेचे शिक्षण एकाच छपराखाली. पोरगा सामायिक, म्हणजे जैन ध्यानसाधना, करील आणि गणितही सोडवील. शंभर वर्षांनंतर हे साधे वाटते, पण आज आपल्यातल्या कितीतरी संस्था नेमक्या याच ठिकाणी ढिल्या पडल्या आहेत. त्याकडे पुढे येतोच.

आधी पंडिता रमाबाईंचे प्रकरण. आपल्या क्षेत्रात काम करणाऱ्याने ते मुळातून समजून घ्यावे, कारण आपल्या रोजच्या अडचणीचा तो पहिला मोठा खटला आहे, फक्त कोर्टात न चाललेला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. उच्चवर्णीय बालविधवांसाठी शाळा आणि वसतिगृह. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, पण सदनात धर्म शिकवला जाणार नाही, मुलींना आपापले आचार पाळता येतील, असे वचन होते आणि त्या भरवशावर रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार मंडळात आली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला, 'केसरी'ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंची बाजू अशी: मी कोणाला बोलावले नाही, आणि माझ्याच घरात दार लावून मी का प्रार्थना करावी? विरोधकांची बाजू अशी: जी बाई अन्न देते, छप्पर देते, केस वाढवू देते, पुस्तक हातात देते, तिचे उघडे दार हे नुसते दार नसते. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि दुसरी थोडी अधिक खरी वाटते. बारा वर्षांच्या मुलीपुढे ज्याच्या हातात ताट असते त्याची प्रार्थना तराजूत जड भरतेच, त्याने एक शब्द न बोलताही. पण ज्यांनी मुली काढून नेल्या त्यांनी त्यांना कुठे नेले, हाही प्रश्न विचारायला हवा. ज्या घरातून त्या केशवपनाच्या भीतीने बाहेर पडल्या होत्या, बहुतेक त्याच घरात. धर्म वाचला, मुलीचे काय झाले याचा हिशेब 'केसरी'च्या अग्रलेखांना ठेवावा लागला नाही. रमाबाई मात्र थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून अनाथ मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे छापखाना, विणकाम, शेती, दुभती जनावरे असे काम मुलींच्या हाताला होते. तिथे ख्रिस्ती धर्म उघडपणे होता, आडपडदा नव्हता. शारदा सदनातल्या अर्धवट वचनापेक्षा केडगावचा उघडेपणा मला बरा वाटतो. पेटी घेऊन येणाऱ्याला आपण कुठे आलो हे तरी कळते.

रमाबाईंच्या त्या उघड्या दाराला आपल्या राज्यघटनेने नंतर एक चौकट बसवली. अनुच्छेद २८ म्हणतो, पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही. आणि त्याच्या तिसऱ्या खंडाप्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला कोणालाही संमतीशिवाय बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. आपल्यापैकी किती जणांच्या प्रवेश अर्जावर ही संमती विचारलेली असते? मी पाहिलेल्या बहुतेक अर्जांवर "संस्थेचे सर्व नियम मान्य आहेत" एवढी ओळ आणि खाली अंगठा. त्या एका ओळीत सकाळचा काकडा, सायंप्रार्थना, एकादशीचा उपास, नमाज, रविवारची उपासना, सगळे येते असे आपण गृहीत धरतो. अंगठा देणाऱ्याने तेव्हा फक्त जेवणाला होकार दिलेला असतो.

म्हणूनच प्रत्येक संस्थेला मी एकच प्रश्न विचारतो. प्रार्थनेला जो पोरगा बसला नाही, त्याच्या ताटात त्या रात्री काय पडते? वाढायला उशीर होतो का? आचारी त्याच्याकडे बघून काही पुटपुटतो का? सहलीच्या यादीतून त्याचे नाव गळते का? ज्या संस्थेत त्या ताटाला काहीच होत नाही, तिच्या श्रद्धेवर माझा विश्वास बसतो.

भाऊराव पाटलांची गोष्ट इथे आठवते. कोल्हापूरला शिकताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला तयार झाले नाहीत, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. स्वतः जैन घरातला मुलगा, जैनांच्याच वसतिगृहातून बाहेर. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले तेव्हा सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले गेले. ज्या वसतिगृहाने काढून टाकले त्याचाही भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या जन्मात वाटा आहे म्हणायचा, उलट्या बाजूने का होईना.

गाडगेबाबा तर आपल्याच वऱ्हाडचे. धर्मशाळा, वसतिगृहे, गोरक्षण, सगळे लोकवर्गणीतून उभे केले, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवून टाकली. विठ्ठलाच्या गावातली जागा, देणारा कीर्तनकार, आणि घेणारे बाबासाहेब, जे त्याच्या चौदा वर्षे आधी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर करून बसलेले. विद्यार्थी राहतील ना, मग बाकी काय, असा तो व्यवहार. आज आपण एक खोली दुसऱ्या संस्थेला द्यायची म्हटले तर नामफलकावरून सहा महिने बैठका होतात.

आता कागदाकडे वळू, कारण ताटाइतकीच आपली दुसरी कसोटी दाखल्याची आहे. वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला काढली. तिचा मान मोठा आहे. तिच्या आदर्शावर आळंदीत आणि आपल्या वऱ्हाडात गावोगाव लहान गुरुकुले निघाली. तिथले पोरगे हरिपाठ म्हणते, पखवाजावर हात बसवते, सप्ताहात टाळकरी म्हणून उभे राहते. पखवाज चांगला वाजवणाऱ्याला वऱ्हाडात बिदागी मिळते, हा खरा रोजगार आहे, त्याला नाक मुरडू नये. पण सप्ताहांचा हंगाम रब्बी निघू लागली की सुरू होतो, आणि दहावीची परीक्षाही नेमकी त्याच दिवसांत असते. गुरुकुलाला पोरगा सप्ताहाला हवा असतो, शाळेला परीक्षेला. यात शाळा हरते, आणि सोळाव्या वर्षी पोराला चाळीस अभंग पाठ असतात पण हातात काही नसते. पोलीस भरतीला गेला तर विचारतात, बारावी कुठाय?

शिक्षण हक्क कायद्याला २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्याच्या बाहेर ठेवल्या. संस्थांना ती सवलत वाटली. पोराच्या बाजूने पाहिले तर तो अशा जागी राहतो जिथे वर्गाची, शिक्षकाची, पटाची सक्ती कोणावरच नाही. त्याचे नाव जवळच्या जिल्हा परिषद शाळेत असेल तर ठीक, नसेल तर तो शाळाबाह्य आहे, मग तो रोज पहाटे चारला उठून कितीही घोकत असो. उपाय अवघड नाही. मुलाचे नाव शेजारच्या शाळेच्या पटावर ठेवा आणि त्याला खरोखर पाठवा. ज्याचे वय निघून गेले आहे त्याचा दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा, किंवा मुक्त विद्यालयाची वाट धरा. सतरा नंबरचा फॉर्म पावसाळ्यातच भरावा लागतो. माघात जागे होऊन उपयोग नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याचे उदाहरण आपल्यातल्या अनेकांना रुचणार नाही, तरी देतो. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी एका लहान मदरशापासून जे काम सुरू केले, त्याच्या आवारात पुढे आयटीआय, औषधनिर्माणशास्त्र, अभियांत्रिकी, युनानी वैद्यक अशी महाविद्यालये आली. परदेशी निधीवरून त्या संस्थेवर सरकारी कारवाई झाली, तो वेगळा विषय आहे आणि त्याचे उत्तर संस्थेने द्यायचे. मला फक्त कुराण पाठ करणाऱ्या पोराच्या नजरेच्या टप्प्यात एक लेथ मशीन असावे, ही कल्पना महत्त्वाची वाटते. नंदुरबार आणि वाशीम दोन्ही त्या आकांक्षित यादीतले.

एक गोष्ट आपण कुजबुजतच बोलतो, ती मोठ्याने बोलू. आळंदीतल्या विनापरवाना निवासी संस्थांचा प्रश्न २०२५ च्या सुरुवातीला राज्य महिला आयोगापर्यंत गेला. मुलांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी होत्या. असे प्रकार एका पंथाची मक्तेदारी नाहीत, सरकारी आश्रमशाळाही त्यातून सुटलेल्या नाहीत. पण श्रद्धेच्या जागी एक जास्तीचा धोका असतो. ज्याच्या पाया पडायला शिकवले, त्याच्याविरुद्ध पोराने तोंड कसे उघडायचे? आणि उघडलेच तर विश्वस्त आधी संस्थेच्या अब्रूचा विचार करतात. पॉक्सो कायदा या बाबतीत स्पष्ट आहे: कळले की पोलिसांना कळवायचे, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवले तर त्याला शिक्षा आहे. अंतर्गत चौकशी, समाजातल्या ज्येष्ठांची बैठक, समज देणे, यातले काहीही त्याची जागा घेत नाही. निवासी खोल्यांच्या दारावर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक लिहा. कार्यालयात नको, तिथे पोरे एकटी येत नाहीत.

आणखी एक, लहानसे. मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर भागातली आपली बरीच मुले बंजारा तांड्यावरची आहेत. घरी गोरमाटी बोलतात, वर्षातून एकदा पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या दर्शनाला जातात. आपल्या प्रार्थना कुणाच्या संस्कृतात, कुणाच्या पुणेरी मराठीत, कुणाच्या उर्दूत. पोरगे पहिले वर्षभर ओठ हलवते. त्याला एकदा म्हणून बघा, तुझ्या तांड्यावर जे म्हणतात ते म्हण. बाकीची मुले हसतील, दोन दिवस.

पुढच्या अंकासाठी वाचकांकडे एकच मागणी आहे. आपापल्या संस्थेचे पहाटेपासून रात्रीपर्यंतचे वेळापत्रक पाठवा, भिंतीवर लावलेले नव्हे, खरे चालते ते. प्रार्थनेच्या वेळेपुढे लिहा, गेल्या महिन्यात कोण बसले नाही आणि त्या वेळात ते मूल कुठे होते. मुलाचे नाव नको, संस्थेचे नावही नको. आणि सोबत प्रवेश अर्जाची एक कोरी प्रत.