चार फूट, साठ दिवस

घर बांधायची परवानगी कशावर ठरावी, लिहिलेल्या मापावर की शेजाऱ्यांच्या मर्जीवर? कॅलिफोर्नियात गेली काही वर्षं हा वाद एका छोट्या घरावरून चालला, आणि निकाल मापाच्या बाजूने लागला.

हे घर म्हणजे मूळ घराच्याच प्लॉटवर, मागच्या अंगणात किंवा गॅरेजच्या जागी उभं केलेलं दुसरं घर. वेगळं किचन, वेगळं बाथरूम. इकडे त्याला ‘एडीयू’ म्हणतात. मी सॅन होजेमध्ये अशाच एका घरात भाड्याने राहतो.

पूर्वी अनेक शहरांत यासाठी सुनावणी व्हायची. शेजारी येऊन म्हणायचे, पार्किंग कुठे? वस्तीचं ‘स्वरूप’ बिघडेल त्याचं काय? या ‘स्वरूपा’ला इतिहास आहे. 1917 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वंशावरून वस्त्या वेगळ्या ठेवणारा लुइव्हिल शहराचा नियम रद्द केला. त्यानंतर तेच काम बऱ्याच ठिकाणी ‘एका प्लॉटवर एकच घर’ आणि ‘प्लॉट एवढा मोठा हवाच’ अशा नियमांनी केलं. त्यात कोणाचंच नाव नव्हतं. बर्कलीने तर एका कुटुंबाच्या घरांचा झोन 1916 मध्येच आखला होता.

2020 पासून लागू झालेल्या राज्याच्या कायद्यांनी शहरांचे हात बांधले. बाजूला आणि मागे चार फूट सामासिक अंतर सोडलं, घर 800 चौरस फुटांपर्यंत आणि 16 फूट उंचीपर्यंत असलं, तर प्लॉट लहान आहे म्हणून अडवता येत नाही. सार्वजनिक वाहतूक अर्ध्या मैलाच्या आत असेल तर पार्किंग मागता येत नाही. सुनावणी नाही. पूर्ण अर्जावर 60 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर अर्ज मंजूर समजायचा. (आमच्या धंद्यात याला टाइमआउट म्हणतात. सरकारी कामात तो पहिल्यांदाच पाहिला.) 2016 मध्ये राज्यभरात अशा हजार-दीड हजार घरांना परवानगी मिळाली होती, 2022 मध्ये वीस हजारांहून जास्त.

पार्किंगची तक्रार खोटी नाही. माझ्या गल्लीत रात्री आठनंतर जागा मिळत नाही. पण माणसाच्या घराआधी गाडीचं घर, हे मला पटत नाही. खरी अडचण पैशाची आहे. बांधकामाला लाखो डॉलर लागतात, म्हणजे फायदा आधी त्याला, ज्याच्याकडे जमीन आहे.

आणि बांधायला परवानगी मिळाली म्हणून राहायला दार उघडतंच असं नाही. ते दुसऱ्या कायद्याने उघडतं. भाडेकरूला धर्मावरून नाकारायला कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बंदी आहे. स्वतःच्या राहत्या घरातली एक खोली देणाऱ्याला सूट आहे, पण मागच्या स्वतंत्र घराला ती नाही.

महाराष्ट्रात यातलं पहिलं अर्धं आलंय. मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू असलेल्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा आणि फी भरली की वेगळी बांधकाम परवानगी लागत नाही. दुसरं अर्धं नाही. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका पारसी सोसायटीचा सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम वैध ठरवला. संविधानाचं कलम 15 मुख्यतः सरकारला बांधतं. खाजगी घरमालकाला ‘तुम्हाला देत नाही’ म्हणण्यापासून रोखणारा वेगळा कायदा नाही. पुण्यात मी फ्लॅट शोधत होतो तेव्हा ब्रोकर फोनवर पगार ऐकून खूश व्हायचा आणि नाव ऐकून ‘सोसायटीला विचारून सांगतो’ म्हणायचा. तुमच्यापैकी किती जणांना हे वाक्य पाठ आहे, मला माहीत आहे.

आपण मोर्चे काढतो, पोस्ट लिहितो, पण घराच्या नियमांवर बोलायचं काम बिल्डरवर सोडतो. पुढच्या वेळी आमदार मत मागायला मोहल्ल्यात आले की रस्त्या-गटारांसोबत हेही विचारा: भाड्याने घर देताना धर्म पाहायला बंदी घालणारं विधेयक तुम्ही सभागृहात मांडाल का?