धुऱ्यापलीकडचे रान

रान तोडून जमीन आबाद केली, हे वाक्य पांढुर्णा-सौंसरकडील प्रत्येक जुन्या मराठी घराच्या इतिहासात असतेच. लग्नाच्या बैठकीत, तेरवीच्या पंगतीत ते अभिमानाने सांगितले जाते. त्याच बैठकीत थोड्या वेळाने दुसरे वाक्य निघते : वरच्या डोंगरातले जंगल गोंडांनी संपवले, म्हणून आपल्या विहिरी आटल्या. ही दोन वाक्ये एकाच तोंडी शोभत नाहीत. पहिले खरे आहे. दुसरे आम्ही सोयीसाठी रचलेले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात आम्ही येथे आलो ते कोणाच्या भूमीत? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने चहूकडून उद्योगी लोक आणून आपल्या मुलखात वसवले, असे जेंकिन्सने आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे. पुढे राज्य भोसल्यांकडे गेले, १८५४ नंतर इंग्रजांकडे, आणि १८६०च्या दशकातील बंदोबस्तात मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. जंगल तोडून नांगर धरणे हे तेव्हा सरकारच्या दृष्टीने पुण्यकर्म होते, कारण नांगराखालच्या जमिनीचा सारा येत असे. काळी जमीन आमच्याकडे आली आणि गोंड कुटुंबे बरडीकडे, मग डोंगराकडे सरकली. ज्याला आम्ही उतारावर ढकलले, त्याच्यावर उतार उघडा पडल्याचा आरोप आम्ही ठेवतो.

आता विहिरींकडे वळू. आमच्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत; त्याखाली फारसे काही नाही. पाऊस चार महिन्यांत पडून जातो. वरच्या उतारावर झाडे, गवत आणि पाचोळा असेल तर तो थबकतो, मुरतो आणि पौष-माघापर्यंत नाल्याला झिरपत राहतो. उतार मोकळा असेल तर तो माती घेऊन जाममध्ये आणि जाममधून कन्हानात जातो. मोटेच्या काळात बैलांच्या दमाइतकेच पाणी निघे, म्हणून विहीर टिकली. मग विजेचे पंप आले आणि त्यांच्यामागून बोअर. शेजाऱ्याची बोअर खोल गेली की आपली विहीर कोरडी पडते, हे आम्हांला कोणी शास्त्रज्ञाने सांगावे लागत नाही. आम्ही तक्रार करतो आणि दुसऱ्या वर्षी स्वतःही बोअर मारतो.

यात संत्र्याचा दोष नाही. संत्र्याने या भागाला पक्की घरे दिली, मुलांना नागपूरला शिकवले. दोष आहे तो संत्रा कोठे आणि कसा लावला यात. सहा-सहा मीटरवर लावले तर हेक्टरी २७७ झाडे बसतात आणि बागेला फळ यायला पाच-सहा वर्षे लागतात. तेवढ्या काळात मागे फिरणे अशक्य होते. पूर्वी बाग खालच्या निचऱ्याच्या जमिनीत, विहिरीला धरून असे. आता ती उतार चढत जंगलाला भिडली आहे. त्यात आंबिया बहार धरला की कोवळे फळ सारा उन्हाळा पाण्यावर न्यावे लागते. बुंध्याशी पाणी तुंबले की डिंक्या येतो, झाड वाळते, आणि वाळलेल्या बागेची भरपाई म्हणून आणखी वर नवी बाग लागते. रोही आणि रानडुकरे शेतात येतात म्हणून आम्ही ओरडतो. ती पूर्वी जेथे चरत होती तेथेच आज आमची बाग उभी आहे, हे मात्र बोलत नाही.

याहून अवघड गोष्ट निस्ताराची. प्रत्येक गावाला चराई, जळण, आखर, नाल्याकाठ यांसाठी राखीव जमीन होती. मालगुजारी १९५१ साली गेली, पण निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज १९५९च्या भू-राजस्व संहितेतही राहिले. खसऱ्यात आजही ‘छोटे झाड का जंगल’ अशी नोंद सापडते, आणि त्या नोंदीवर बांध फिरवलेला दिसतो. तो कोणी फिरवला? दरवर्षी थोडाथोडा धुरा सरकवण्याचे कसब आमच्या घरांत पिढीजात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात गोटमारीसाठी जो पळस उभा करतात, तो आता आपल्या किती धुऱ्यांवर सापडेल?

हे दुखणे आपलेच नव्हे. ब्राझीलमध्ये १९७०च्या दशकात ॲमेझॉन-पार महामार्गाच्या दुतर्फा सरकारने शेतकरी कुटुंबे वसवली. आधी धान, मग कुरण, काही ठिकाणी सावलीतला कोको, असा त्यांचा क्रम झाला. तेथील कायदा ॲमेझॉनच्या वनप्रदेशातील खाजगी शेतातही ८० टक्के रान राखायला सांगतो. तो सर्रास मोडला गेला आणि २०१२ साली जुन्या तोडीला बरीचशी माफीही मिळाली. तरी शेतमालकाच्या सातबाऱ्यातच रान असावे, ही कल्पना आम्हांला सुचलीही नाही. फार लांब जायला नको : गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि ते गाव तो सांभाळते आहे.

आमचे म्हणणे दोनच गोष्टींचे आहे. भावांच्या वाटणीत नाल्याकाठ आणि धुऱ्याची झाडे वाटू नयेत. ती अविभक्त राहावीत, आणि तसे वाटणीपत्रात लिहावे. दुसरे, निस्ताराच्या जमिनीवरचा आपला ताबा आपणच सोडावा. नोटीस येण्याची वाट पाहू नये. वाटण्या होऊन पाच एकर उरले, त्यात आणखी काय सोडायचे, असे विचारले जाईल. लहान शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे आणि आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. पण निस्तारात सर्वांत आत शिरलेली शेते बहुधा पाच एकरवाल्यांची नाहीत. ती आम्हां जुन्या घरांची आहेत.

ज्यांना हे मान्य नाही, त्यांनी याच पानांवर उत्तर द्यावे. मात्र लिहिण्यापूर्वी आपल्या शेताचा खसरा आणि गावचे निस्तार पत्रक शेजारी-शेजारी ठेवून वाचावे. २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे. कागद पाहायला छिंदवाडा लांब पडतो, ही सबबही आता उरलेली नाही.