घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे!



रात्रपाळी करून आलेला माणूस घोरू लागला की घरचे म्हणतात, ‘दमलाय, झोपू द्या.’ घर दुर्ग-भिलाईच्या पद्मनाभपुरातले असो की नागपूरच्या अजनीतले, समजूत एकच. परंतु घोरणे मध्येच थांबते, श्वास दहा सेकंद किंवा अधिक अडतो आणि माणूस गुदमरून दचकतो, तेव्हा तो आजार असू शकतो. त्याचे नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घसा मिटतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि आठ तास पडूनही विश्रांती मिळत नाही. मग ड्युटीवर पेंग येते.

२६ फेब्रुवारी २००३ रोजी जपानमध्ये ताशी २७० कि.मी. वेगाने धावणाऱ्या शिंकानसेनचा चालक सुमारे आठ मिनिटे झोपला. स्वयंचलित यंत्रणेने गाडी थांबवली म्हणून अनर्थ टळला. १ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये वळणावर गाडी घसरून चार जण ठार झाले. दोन्ही चालकांना हाच आजार निघाला. निदान मात्र घटनेनंतर झाले. हा आळस म्हणायचा काय?

आपला लोको पायलट किंवा मेल मोटार चालवणारा टपाल कर्मचारी ही लक्षणे लपवतो, कारण त्याला ‘अनफिट’ ठरण्याची आणि रनिंग अलाउन्स बुडण्याची धास्ती असते. ही धास्ती दूर करणे हे प्रशासनाचे काम आहे.

आपणही घरी सुरुवात करावी. जोडीदाराने घोरण्याचा आवाज मोबाइलवर टिपावा, श्वास अडल्याच्या वेळा वहीत लिहाव्यात. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर जागेपणी लावून काही कळत नाही. झोपेत सलग नोंद व्हावी लागते. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीच चाचणी होते : नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. रात्रपाळीवाल्याने ती आपल्या नेहमीच्या झोपेच्या वेळी करावी. तासाला पाचपेक्षा कमी अडथळे सर्वसाधारण, तीस किंवा अधिक म्हणजे गंभीर. अहवाल चांगला येऊनही त्रास राहिला, तर रुग्णालयात रात्रभर तपासणी करून घ्यावी. सीपॅप यंत्राच्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो आणि ते नियमित वापरणारा माणूस बहुधा पुन्हा ताजातवाना कामावर जातो.

आमचे स्पष्ट मत आहे की, पीएमईत दृष्टी जितक्या बारकाईने तपासतात, तितक्याच बारकाईने झोपही तपासावी. चाचणी व यंत्राचा खर्च सरकारने करावा. उपचारकाळात पर्यायी काम द्यावे, कमाई कापू नये. रनिंग रूममध्ये प्रत्येक खाटेजवळ यंत्रासाठी प्लग हवा. आणि सलग रात्रपाळ्यांचा थकवा आजाराच्या माथी मारून प्रशासनाला सुटता येणार नाही, हेही ठणकावून सांगितले पाहिजे.

साथींनो, पुढच्या शाखा सभेत हा विषय घ्या. प्रवाशांची सुरक्षितता आणि आपली भाकरी, दोन्ही त्यावर अवलंबून आहेत!